नववं नाव

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तीन याद्या करायला घेते. पहिली मतदारांची: कोण बदलून आलं, कोण परदेशी गेलं, कोणाचं नाव काढावं लागणार. दुसरी सामानाची: पेन्सिली, पाकिटं, मतपत्रिका, सरबताचे ग्लास. तिसरी ज्यांना जिना चढवत नाही आणि ज्यांना आणायला कोणाला तरी पाठवावं लागेल, अशांची. ही तिसरी यादी दर वर्षी वाढते. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी एक बहावा आहे. त्याला पिवळे घोस सुटायला लागले की मी कॅलेंडर न बघताही याद्यांची वही काढते. रिझवान जवळ आलेला असतो.

रिझवान म्हणजे आम्हा बहाई लोकांचा बारा दिवसांचा सण, आणि त्याचा पहिला दिवस निवडणुकीचा. आमच्यात पुजारी नाही, महाराज नाही. प्रत्येक गावात दर वर्षी नऊ जणांची एक सभा निवडायची आणि वर्षभर गावातल्या बहाईंचा कारभार तिनं बघायचा. लग्नं, भांडणं, मुलांचे वर्ग, कोणाचं आजारपण, सगळं. आमच्या सोसायटीच्या चेअरमननी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "बरं आहे तुमचं. आम्हाला निवडणुकीचा सण करावा लागतो, तुम्ही सणालाच निवडणूक ठेवलीत."

मी त्यांना पुढचं सांगितलं नाही. आमच्या निवडणुकीत उमेदवार नसतो. अर्ज नाही, प्रचार नाही, चिन्ह नाही. प्रत्येकानं प्रार्थना करायची आणि गावातल्या एकवीस वर्षांवरच्या कोणत्याही नऊ बहाईंची नावं कोऱ्या कागदावर लिहायची. आठ लिहिली तरी कागद बाद, दहा लिहिली तरी बाद. आणि कोणी कोणाला 'अमक्याचं नाव लिही' असं सांगायचं नाही. सुचवायचंसुद्धा नाही.

या वर्षी यादी करत असताना तन्वीचा फोन आला. तन्वी बावीस वर्षांची, कर्वेनगरातच राहते, पहिल्यांदा मतमोजणीला बसणार आहे. तिला मोजणीचे नियम हवे होते, ते मी सांगितले. मग ती म्हणाली, "मावशी, एक विचारू? चिडणार नाही ना?"

"विचार."

"आपली जगभराची जी सगळ्यात वरची सभा आहे, तिच्यात नऊच्या नऊ पुरुषच का? आपण तर सगळीकडे सांगतो, स्त्री-पुरुष समान."

"गावाच्या सभेत बायका असतात. देशाच्या सभेत असतात. वरच्या सभेत नाही. ग्रंथात तसं आहे. आणि त्यामागचं कारण पुढे कळेल, असंही त्यातच आहे."

"पुढे म्हणजे कधी?"

"तारीख दिलेली नाही."

"आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"मला आत्ता एवढंच वाटतंय की माझी फोडणी जळते आहे. संध्याकाळी बोलू."

फोडणी जळत नव्हती. गॅससुद्धा पेटवलेला नव्हता. संध्याकाळी मी फोनही केला नाही. तन्वीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही हे खरं, पण त्याची मला लाज वाटत नाही. तो नियम मी केलेला नाही. मी तो श्रद्धेनं मान्य केलेला आहे आणि त्याचं कारण मला समजलेलं नाही, या दोन गोष्टी मी एकाच वहीत ठेवू शकते. मला फोन ठेवावासा वाटला तो वेगळ्या कारणानं. जिथे नियमानं बायकांना अडवलेलंच नव्हतं, तिथलं तिनं काही विचारलं तर?

तेव्हा आम्ही रास्ता पेठेत राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर, अडीच खोल्यांत. अर्धी खोली आत्याची. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं ती. आमच्या आजोबांना लष्कर भागातल्या एका इराणी हॉटेलवाल्यानं हा धर्म सांगितला होता, चहाच्या टेबलावर. त्या ओळखीतून पुण्यातल्या इराणी बहाई घरांशी आमचं नातं जडलं आणि पुढे बाबा सभेचे सचिव झाले. सभा आमच्याच बाहेरच्या खोलीत भरायची. शनिवारी संध्याकाळी नऊ पुरुष यायचे. सहा खुर्च्या आमच्या, तीन खालच्या कुलकर्ण्यांच्या. खुर्च्या वर आणायच्या हे माझं काम. अजूनही जिन्यात कोणी खुर्ची घासत नेली की माझे हात आपोआप पुढे होतात.

त्या घरातला एप्रिल मला नाकानं आठवतो. माठात वाळ्याची जुडी असायची. आई वाटल्या डाळीसाठी कैरी किसायची आणि तो आंबट वास खिडकीतून येणाऱ्या गरम डांबराच्या वासात मिसळायचा. होशंगकाका, म्हणजे आमच्या सभेचे अध्यक्ष, येताना त्यांच्या बेकरीतली खारी पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणायचे. खोक्याला सुतळी, सुतळीला लोण्याचे डाग. आत्या सकाळच्या पाळीहून परतताना मोगऱ्याचा गजरा आणायची आणि स्वतः न माळता माठावर ठेवून द्यायची. "केसांना काय करायचाय वास," ती म्हणायची, "पाण्याला लागू दे. सगळ्यांना मिळेल."

इंदूआत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलवर होती. बावीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिच्या डोक्यावर मधोमध एक खाच पडली होती. तेल लावून देताना माझ्या बोटांना ती लागायची. त्या काळी परगावचा फोन ऑपरेटरमार्फतच लागायचा. शहरातल्या किती घरांतली भांडणं, आजारपणं, मोडलेली लग्नं तिच्या कानावरून गेली असतील, पण त्यातलं एकही तिनं उंबऱ्याच्या आत आणलं नाही. आई मुद्दाम विचारायची, "आज काय ऐकलंत, वन्सं?"

"सोलापूरला अजून पाऊस नाही," आत्या म्हणायची. जानेवारी असला तरी हेच.

सभेत बसणाऱ्या माणसाला काय लागतं याची यादी कोणी मला करायला सांगितली असती, तर पहिला गुण मी लिहिला असता: ऐकलेलं पोटात ठेवणं. दुसरा, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देणं. पण अशी यादी तेव्हा कोणी मागितली नाही. आणि मागितली असती तरी तिच्यापुढे कोणाचं नाव मोठ्यानं घ्यायचं धाडस आमच्या घरात कोणी केलं नसतं.

कारण बाबा. बाबांची एक शिस्त होती. गुढीपाडवा झाला की निवडणूक होईपर्यंत आमच्या घरात कोणाही बहाई माणसाची स्तुती करायची नाही. एकदा आई म्हणाली, "होशंगभाईंनी प्रार्थना किती सुंदर वाचली आज." बाबा खाकरले. आई म्हणाली, "बरं बरं. वाईट वाचली." आत्या आमटीत तोंड घालून हसत होती. स्तुती म्हणजे सुचवणं आणि सुचवणं म्हणजे प्रचार, असं बाबांचं गणित. नियमात एवढं काही नव्हतं. नियमात होतं ते नावं सुचवायची नाहीत एवढंच. माणसं ओळखा, त्यांची पारख करा, हेही होतं. पण बाबा नियमाच्या अलीकडे दोन हात कुंपण घालत आणि मी त्यांची मुलगी.

त्या वर्षी मार्चमध्ये, आमच्या उपवासांच्या दिवसांत, रेखा आली.

रेखा माझ्याहून एका वर्षानं मोठी, विश्रांतवाडीची. तिच्या सासरची जमीन आळंदी रस्त्याला लागून; थोडी विकली गेलेली, थोडी विकायच्या बेतात. सासरे बहाई झाले तेव्हा अख्खं घर झालं. मुलांच्या वर्गाला ती मला मदत करायची. गाणी तिची, हजेरी माझी. तिचा आवाज असा होता की शेजारच्या चाळीतली मुलं वर्गात नसूनही गाणी शिकली.

सूर्यास्त होऊन गेला होता. सभेतल्या माणसांनी खजूर आणि पाण्यानं उपवास सोडला होता. नवरा आपल्याला मारतो, सभेनं मध्ये पडावं, असं सांगायला रेखा आली होती. हे ती मला जिन्यातच बोलली होती. बाहेरच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती स्टुलाच्या टोकावर बसली. समोर नऊ पुरुष. त्यांतले दोघं तिच्या सासऱ्यांचे मित्र.

होशंगकाका चांगला माणूस. त्यांनी स्वतःच्या हातानं तिला पाणी दिलं. "बोल बेटी. घाबरायचं नाय. इथलं बोलणं बाहेर जात नाय."

रेखा माझ्या आईच्या क्रोशाच्या टेबलक्लॉथकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काय नाय. सगळं बरं हाय."

"मग एवढ्या लांबून आलीस ती?"

"प्रार्थनेचं पुस्तक न्यायला आले व्हते."

बाबांनी उठून तिला प्रार्थनेचं पुस्तक दिलं. तिच्याकडे आधीच दोन होती.

स्वयंपाकघरात ती आत्याजवळ पाटावर बसली. आत्यानं काही विचारलं नाही. खारीची बशी पुढे केली आणि स्टोव्हवर दूध चढवलं. दूध वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात रेखानं पोलक्याची बाही वर केली. दंडावर चार बोटं उठलेली होती, पिवळी पडलेली, आणि त्यांच्या खाली ताजी. आत्यानं गॅसच्या शेगडीसारखा स्टोव्ह चटकन बंद होत नाही म्हणून दुधात पाण्याचा हबका मारला, आणि मग खाली बसून तिचा दंड दोन्ही हातांत धरला.

"मी सांगू दादाला?"

"नको, आत्या. तुमी सांगितलं तर मामंजी म्हणतील, बाईनं दुसऱ्या बाईचे कान भरले. मीच सांगीन. पण मला त्या मान्सांच्याकडं बघून नाय जमत. तुमी आत असला तर तुमच्याकडं बघून सांगीन."

रेखा गेल्यावर आत्या बाहेरच्या खोलीत जाऊन बाबांना म्हणाली, "दादा, एखादी बाई आत बोलायला आली तर तिच्याबरोबर कोणीतरी बाई बसू दे. मी बसते. एक शब्द बोलणार नाही."

बाबा इतिवृत्त लिहीत होते. "सभेत सभासद बसतात, इंदू."

"सभा बोलावू शकते ना कोणालाही?"

"बोलावू शकते. पण कशासाठी बोलवायचं? ती तर म्हणाली, सगळं बरं आहे. मी काय नोंदवू?"

"असं नोंदव की एक बाई आळंदी रस्त्यावरून दोन बस बदलून, उपाशीपोटी, घरात दोन असलेलं पुस्तक तिसऱ्यांदा न्यायला आली होती."

बाबांनी टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. ते वाईट नव्हते. त्यांना समोर लिहिलेलं दिसायचं. न लिहिलेलं वाचायची त्यांना सवय नव्हती. माझ्यातही ते आहेच.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुलांच्या वर्गानंतर रेखानं मला गाठलं. सतरंज्या झटकत होतो. "आत्या निवडून आल्या ना, तर दुसऱ्या दिवशी येते मी. ठरवलंय."

"रेखा, नाव घ्यायचं नसतं," मी म्हणाले.

"मी कुठं तुला लिही म्हटलं? मी माझं ठरवलंय तेवढं सांगितलं."

तिनं सतरंजीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि आम्ही घडी घातली. एवढंच. पण ते एवढंच माझ्या डोक्यात घर करून बसलं. मला त्या वर्षी पहिल्यांदा मत होतं. एकवीस पूर्ण झाले होते आणि मी हे मत परीक्षेसारखं घेतलं होतं. वहीत दोन रकाने केले होते, गुण आणि माणसं. आत्याचं नाव सगळ्या गुणांपुढे येत होतं. आणि येत होतं म्हणूनच मला ते संशयास्पद वाटायला लागलं. ती माझी आत्या. तिच्याच खोलीत मी झोपते. तिच्याकडून एक काम व्हावं असं माझ्या मनात आहे, त्या कामाची मला आगाऊ खबर आहे. हा हेतू झाला. मत हेतूशिवाय द्यायचं असतं. नात्यावर द्यायचं नसतं. मी बाबांच्या कुंपणाच्याही अलीकडे आणखी एक कुंपण घातलं आणि त्याला सद्सद्विवेक असं नाव दिलं.

आता कळतं, नात्यामुळे एखाद्याचं नाव लिहिणं हा जितका पक्षपात, तितकाच नात्यामुळे ते गाळणं हाही. पण एकविसाव्या वर्षी गाळणाऱ्याला स्वतःची पाठ थोपटता येते. लिहिणाऱ्याला येत नाही.

निवडणूक सकाळी होती. खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या. आम्ही एकेचाळीस जण दोन खोल्यांत आणि जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर मावलो होतो. प्रार्थना झाल्या, एक फारसीत, एक मराठीत. मग शांतता, आणि त्या शांततेत फक्त पेन्सिलींचा आवाज. तो आवाज मला फार आवडतो. उंदीर कागद कुरतडतात तसा, पण पवित्र. मी भराभर आठ नावं लिहिली. सगळे जुने सभासद, सगळे पुरुष. नवव्या जागेपाशी थांबले. खिडकीशी आत्या तिच्या मतपत्रिकेची घडी घालत होती, चार घड्या, अगदी सरळ. स्वयंपाकघराच्या दारात रेखा गुडघ्यावर कागद ठेवून सावकाश लिहीत होती. मी शिरीषकाकांचं नाव लिहिलं.

शिरीषकाका भले गृहस्थ. फिरतीची नोकरी. मागच्या वर्षीच्या सभांपैकी निम्म्यांना हजर नव्हते. हजेरीची पानं मीच फेअर करून दिली होती, त्यामुळे मला ते नक्की माहीत होतं. तरी त्यांचं नाव लिहिलं, कारण ते लिहिताना मला कशाचाच संशय आला नाही.

मतमोजणीला तिघं होतो. एक नावं वाचायचा, दुसरा चार उभ्या रेघा आणि एक आडवी असे गठ्ठे करायचा, तिसरी मी, पडताळायला. आठ जणांचं लगेच स्पष्ट झालं. नवव्या जागेसाठी शेवटच्या कागदापर्यंत दोन नावं बरोबर चालत होती. शेवटी शिरीषकाका सतरा, इंदूआत्या सोळा.

सोळा! मला तर वाटलं होतं चार-पाच असतील. न बोलता, न सुचवता सोळा लोकांनी तिला ओळखलं होतं. इराणी घरांतल्या म्हाताऱ्या बायकांनी असेल, मुलांच्या वर्गातल्या आयांनी असेल, एखाद्या पुरुषानंही. मी बेरीज तीनदा तपासली. मग मनातल्या मनात वजाबाकी केली. माझ्या कागदावर नववं नाव दुसरं असतं, तर तिकडचं एक कमी, इकडचं एक जास्त. सोळा आणि सतरा. फेरमतदानाचीसुद्धा गरज पडली नसती.

अहवाल मीच वाचला, कारण माझा आवाज मोठा. नऊ नावं वाचली, मतं वाचली, मग नियमाप्रमाणे त्यांच्या खालचं नाव आणि मतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्यात वाजवत नाहीत, पण एक बरं वाटल्याचा आवाज झाला, खुर्च्या सरकल्या, खारीची खोकी उघडली. आत्यानं शिरीषकाकांना पहिली बशी दिली. "या वर्षी तरी शनिवारी पुण्यात राहा," ती म्हणाली, आणि सगळे हसले, तेही हसले.

मी जिन्याकडे बघितलं. रेखा चपला घालत होती. बारा वाजून गेले होते आणि खाली रस्ता पांढराफेक पडला होता. मी खिडकीतली ओली चादर बाजूला केली. ती पदर डोक्यावर घेऊन बसस्टॉपच्या दिशेनं गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. वर्गाला यायची थांबली. नंतर सासरेच एकदा म्हणाले, सूनबाईला बरं नसतं.

मुलांना गाणी मी शिकवायला लागले. हजेरी वाढली नाही.

दोन वर्षांनी आत्या निवडून आली आणि पुढे अकरा वर्षं सभेत होती. त्या वर्षांत आमच्या जिन्यात बायकांच्या चपला दिसायला लागल्या. आत येणारी बाई नऊ माणसांच्या गोलात बसायची आणि एकटीकडे बघून बोलायची. आत्या काहीच करायची नाही. मान किंचित डावीकडे कललेली, हेडफोनची सवय. बाबांनी एकदा आईला सांगितलं, "इंदू काही बोलत नाही, पण ती असली की इतिवृत्ताला पानं जास्त लागतात." आम्हाला कळलं तेव्हा की प्रश्न बायकांना सभेत येऊ द्यायचा नव्हताच. येऊ दिलेलंच होतं, आजोबांच्या वेळेपासून. कागद कोरा होता आणि पेन्सिल आमच्या हातात होती.

आत्या गेली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी तिला सांगितलं. तिच्या पायांना तेल लावत होते. "त्या वर्षी मी तुझं नाव लिहिलं नव्हतं."

"कोणत्या वर्षी?" तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "हां. त्या वर्षी."

"चिडलीस?"

"स्वतःचं नावसुद्धा लिहिता येतं, ठाऊक आहे ना? नियमात बसतं. मीही नव्हतं लिहिलं. शोभत नाही म्हणून." तिनं दुसरा पाय पुढे केला. "एकाच घरात दोन अतिशहाण्या. आणि ती पोरगी उन्हातून चालत गेली."

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. तिनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. माझ्यापुरतं तिनं अर्धं स्वतःकडे घेतलं होतं. तिच्या कामाच्या पद्धतीला धरूनच होतं ते. पण अर्ध्यानं भागत नाही.

कारण चार वर्षांपूर्वी जूनमध्ये मला रेखा भेटली. बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानात. शाळा सुरू व्हायचे दिवस; काउंटरपाशी ही गर्दी, प्रत्येकाच्या हातात पुस्तकांची यादी. मी माझ्या नातीसाठी यादी घेऊन उभी होते. शेजारच्या बाईनं दुकानदाराला विचारलं, "काय म्हणालात? या बाजूनी बोला," आणि मान वळवून उजवा कान पुढे केला. आवाजावरून मी ओळखलं. बोलणं बदललं होतं, आवाज नाही.

आम्ही बाहेर येऊन उसाच्या रसाच्या दुकानात बसलो. ती सात वर्षांनी घर सोडून निघाली, मुलीला घेऊन. एका पाळणाघरात लागली, मग स्वतःचं काढलं. मुलगी आता नोकरी करते. डाव्या कानाचं कसं झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. निघायच्या आदल्या वर्षीचं आहे, एवढं बोलण्यातून कळलं. त्या सात वर्षांतलं.

"आत्या गेल्या ना? मला उशिरा कळलं." ती ग्लासावरचं पाणी बोटानं पुसत होती. "तुला एक सांगू का? मी त्या दिवशी घरी गेले, तेव्हा बसमध्ये सारखी मोजत होते. सोळा. मला वाटायचं, त्या बाईची किंमत फक्त मला कळते. पण सोळा जणांना कळत होती. ते मला फार पुरलं. पुढं लई वर्षं पुरलं." बोलता बोलता तिचा जुना शब्द निसटला आणि ती हसली. "त्यातलं एक माझं, एक तुझं. तुझं तर असणारच. विचारायचं नसतं, मला माहीत आहे. पण सतरंजीची घडी घालताना तुझ्या तोंडावरच दिसत होतं."

मत गुप्त असतं. नियम माझ्या बाजूनं उभा होता. नुसतं गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी गप्प बसले नाही. मी मान हलवली. होकारार्थी.

तिनं माझा हात दाबला, पुस्तकांची पिशवी उचलली आणि अप्पा बळवंत चौकाकडे गेली. मी तिचा पत्ता घेतला नाही. फोन नंबरही नाही. माझ्यासारख्या बाईनं.

तेव्हापासून तीन रिझवान झाले. दर वर्षी मी मतदारांपुढे उभी राहून नियम वाचते: कोणाचं नाव सुचवू नका, मन स्वच्छ ठेवा, पुरुष की बाई असं न बघता योग्य माणूस बघा. या वर्षी त्यात एक वाक्य घालणार आहे, की आपलं माणूस आहे म्हणून कोणाला गाळूही नका. तन्वीला मी फोन करीन आणि वरच्या सभेबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं, आणि जे माहीत नाही तेही, सरळ सांगीन. मग तिला रास्ता पेठेतल्या त्या सकाळचं सांगीन, वजाबाकीसकट.

पण आधी हे छापून यावं. पाळणाघरात दुपारी मुलं झोपल्यावर कोणीतरी मासिक चाळत असेल, या एका शक्यतेवर मी हे लिहिलं आहे.

रेखा, त्या सोळांत माझं मत नव्हतं.